निवाऱ्यातील मांजरांचे विषाणूजन्य आजार : चाचणीचा अहवाल कसा वाचावा?

निशिगंध

मांजरांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करताना माझ्याकडे मुख्यतः नोंदी ठेवण्याचे काम असते. दाखल झालेल्या प्रत्येक मांजराचे अंदाजे वय, लसीकरणाच्या तारखा, आजारपण आणि चाचण्यांचे अहवाल एकाच ठिकाणी लिहीत असताना एक गोष्ट सतत खटकत राहते. अहवालावरचा 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढा एकच शब्द वाचून मांजराचे भवितव्य ठरवले जाते, पण तो शब्द कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. या विषयावर मराठीत सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे. येथे पशुवैद्य आणि प्रयोगशाळेत काम करणारी मंडळीही आहेत, त्यांनी भर घालावी ही विनंती.

विषाणूंच्या चाचण्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात विषाणूचे स्वतःचे प्रथिन, म्हणजे प्रतिजन, शोधले जाते. दुसऱ्या प्रकारात विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधली जातात, आणि तिसऱ्या प्रकारात, म्हणजे पीसीआरमध्ये, विषाणूच्या जनुकीय घटकाचा माग काढला जातो. प्रतिजन सापडले तर विषाणू या घडीला शरीरात आहे असे मानायला आधार मिळतो. प्रतिपिंडे सापडली तर शरीराची त्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, किंवा लस दिली गेली होती, किंवा ती प्रतिपिंडे आईच्या दुधातून आली होती, यांपैकी काहीही खरे असू शकते. पीसीआर तर इतकी संवेदनशील असते की आजाराशी संबंध नसलेला, शरीरात नुसता दडून बसलेला विषाणूही ती दाखवून देते.

निवाऱ्यांमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे रक्ताच्या काही थेंबांवर करायची 'एफईएलव्ही-एफआयव्ही' जोडचाचणी. एकाच पट्टीवर दोन्ही निकाल दिसत असल्यामुळे दोन्हींचा अर्थ सारखाच असावा असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. एफईएलव्ही, म्हणजे मांजरांमधील ल्युकेमियाचा विषाणू, १९६४ मध्ये विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगो येथे शोधला. त्याच्यासाठी आपण पी२७ हे प्रतिजन शोधतो. त्यामुळे पिल्लाचे वय कितीही लहान असले तरी ही चाचणी करता येते आणि एफईएलव्हीच्या लसीमुळे तिच्या निकालात ढवळाढवळ होत नाही. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची रोगप्रतिकारशक्ती कमकुवत करणारा विषाणू, १९८६ मध्ये नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी कॅलिफोर्नियात शोधला, आणि त्याच्यासाठी मात्र आपण प्रतिपिंडे शोधतो. म्हणूनच एफआयव्हीग्रस्त आईची निरोगी पिल्लेही काही महिने पॉझिटिव्ह दिसतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे बहुतेक पिल्लांच्या शरीरातून सहा महिन्यांच्या वयापर्यंत नाहीशी होतात. शिवाय २००२ मध्ये अमेरिकेत एफआयव्हीविरुद्ध लस आली होती. उत्तर अमेरिकेत ती पुढे बंद झाली, तरी ज्या मांजरांना ती कधीकाळी दिली गेली त्यांच्यात प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकू शकतात.

आता गणिताकडे येऊ, कारण माझ्या मते सर्वात मोठी गल्लत इथेच होते. समजा, एखाद्या चाचणीत शंभर बाधित मांजरांपैकी पंच्याण्णव पकडली जातात आणि शंभर निरोगी मांजरांपैकी अठ्ठ्याण्णव बरोबर निरोगी ठरतात. ऐकायला ही चाचणी उत्तम वाटते. पण निवाऱ्यात आलेल्या १,००० मांजरांपैकी फक्त १० खरोखर बाधित असतील, तर त्यांतील नऊ किंवा दहा सापडतील, आणि उरलेल्या ९९० निरोगी मांजरांपैकी सुमारे २० जणांवरही 'पॉझिटिव्ह' असा शिक्का बसेल. म्हणजे पॉझिटिव्ह ठरलेल्या तीन मांजरांपैकी दोन निरोगीच! हे आकडे मी केवळ हिशेब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत, परंतु तत्त्व सर्वत्र लागू होते : आजार जितका दुर्मीळ, तितका एकट्या पॉझिटिव्ह निकालावरचा विश्वास कमी. निगेटिव्ह निकालावर मात्र अशा वेळी बऱ्याच अंशी भिस्त ठेवता येते, अर्थात मांजराला नुकताच संसर्ग झालेला नसेल तर. संसर्ग होऊन फार दिवस झाले नसतील, तर विषाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. म्हणून शेवटच्या संभाव्य संपर्कानंतर एफईएलव्हीसाठी किमान ३० दिवसांनी आणि एफआयव्हीसाठी किमान ६० दिवसांनी पुन्हा चाचणी करण्याची शिफारस असते.

माझे म्हणणे इतकेच आहे की कोणतेही धडधाकट मांजर एका पट्टीच्या आधारावर संपवले जाऊ नये.

---

कडुनिंब

निशिगंध, धागा काढल्याबद्दल आभार. मी पशुवैद्य आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग निवाऱ्यांशी संबंधित आहे. तुम्ही ज्या दोन विषाणूंपासून सुरुवात केली, त्यांच्यात विचार करायला वेळ तरी मिळतो. पॅनल्युकोपेनिया तो वेळ देत नाही, म्हणून मी त्याविषयी लिहितो.

हा आजार मांजरांच्या परव्होव्हायरसमुळे होतो. झपाट्याने विभाजन होणाऱ्या पेशींवर या विषाणूचा हल्ला होतो, म्हणजे आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा आणि लसिका ग्रंथी. त्यामुळे एकीकडे उलट्या व जुलाबांनी शरीरातील पाणी संपते, आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी कोसळल्यामुळे आतड्यातील जिवाणू रक्तात शिरले तरी त्यांना अडवणारे कोणी उरत नाही. गर्भात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत संसर्ग झाला तर पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ खुंटते आणि ते आयुष्यभर डगमगत चालते. अशा पिल्लांना वेदना नसतात आणि ती आनंदाने जगू शकतात, हे आवर्जून सांगतो, कारण त्यांच्याबाबतीतही घाईने निर्णय घेतले जातात.

जुलाब होतीलच असे नाही, हे प्रत्येक स्वयंसेवकाने लक्षात ठेवावे. काल संध्याकाळपर्यंत खेळणारे पिल्लू सकाळी मृतावस्थेत आढळले, तर 'काहीतरी विषारी खाल्ले असेल' असे म्हणून पुढे जाऊ नका. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेले, पण पाणी न पिणारे मांजर दिसले, तर ते ताबडतोब वेगळे करा.

निदानासाठी कुत्र्यांच्या परव्होसाठी बनवलेली विष्ठेतील प्रतिजनाची चाचणी मांजरांमध्येही वापरली जाते. लक्षणे असलेल्या मांजरात ती ठळक पॉझिटिव्ह आली, तर मी तिच्यावर विश्वास ठेवतो. निगेटिव्ह आली, तर मात्र मुळीच निश्चिंत होत नाही, कारण विष्ठेतून विषाणू बाहेर पडण्याचा काळ मर्यादित असतो आणि ही चाचणी बरीच बाधित मांजरे चुकवते. जिवंत क्षीण विषाणूची लस दिल्यानंतरच्या काही दिवसांत क्वचित फिकट पॉझिटिव्ह रेषा दिसू शकते. पण मांजर आजारी असेल तर 'हे लसीमुळेच असेल' असे म्हणून सोडून देण्यापेक्षा त्याला बाधित समजून वागणे कितीतरी सुरक्षित आहे. पीसीआर अधिक संवेदनशील आहे, मात्र लसीतील विषाणूही ती पकडते, त्यामुळे लसीची तारीख माहीत नसेल तर अहवाल वाचणे अवघड होते.

माझा सर्वात भरवशाचा सोबती म्हणजे काचपट्टीवरचा रक्ताचा लेप. निरोगी मांजराच्या रक्तात प्रति मायक्रोलिटर साधारण ५,५०० ते १९,५०० पांढऱ्या पेशी असतात. तीव्र पॅनल्युकोपेनियात ही संख्या २,००० च्याही खाली जाते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी सरकवत राहिले तरी पांढरी पेशी शोधावी लागते. यंत्र नसले तरी हे दिसते आणि काही मिनिटांत दिसते. साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या गंभीर संसर्गातही पांढऱ्या पेशी घटतात, हे खरे. परंतु लस न झालेले पिल्लू, उलट्या, ताप आणि रिकामा लेप हे सारे एकत्र आले, तर विलगीकरणासाठी मी आणखी कशाचीही वाट पाहत नाही.

आणि दगावलेल्या पिल्लाचे शवविच्छेदन करून घ्या. दुःखाच्या भरात ते नकोसे वाटते, पण लहान आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की जे उत्तर मिळते, ते मागे राहिलेल्या सगळ्यांच्या उपयोगी पडते.

---

सांजवेळ

दोन्ही प्रतिसाद वाचून एक प्रश्न विचारण्याचे धाडस करते. आमच्याकडे एक आई तिच्या पिल्लांसह आली आहे. आईची एफआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, आणि पिल्लांपैकी एकाची चाचणी केली तर तीही पॉझिटिव्ह आली. आता बाकीची पिल्लेही तशीच असणार असे धरून चालले आहे. आई आणि पिल्लांना वेगळे करावे का, अशीही चर्चा सुरू आहे.

---

निशिगंध

सांजवेळ, कृपया घाई होऊ देऊ नका. पिल्लांमध्ये सापडलेली प्रतिपिंडे आईची असण्याची शक्यता फार मोठी आहे. एफआयव्ही मुख्यतः खोलवर चावण्यातून पसरतो, त्यामुळे भांडखोर, नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये तो जास्त आढळतो. आईकडून पिल्लांना खरा संसर्ग होणे शक्य असले, तरी ते क्वचितच घडते. पिल्ले सहा महिन्यांची झाल्यावर पुन्हा चाचणी करावी. तोपर्यंत त्यांच्या नोंदीत 'एफआयव्ही पॉझिटिव्ह' असे न लिहिता 'प्रतिपिंडे आढळली, आई पॉझिटिव्ह, फेरचाचणी बाकी' असे पूर्ण वाक्य लिहावे. अपुरी नोंद मांजराच्या मागे कागदोपत्री कायमची लागते आणि पुढच्या माणसाला संदर्भ कळत नाही.

एका पिल्लावरून भावंडांचा किंवा आईवरून पिल्लांचा निष्कर्ष काढू नये, हे एफईएलव्हीच्या बाबतीत तर अधिकच खरे आहे. काही ठिकाणी चाचण्या वाचवण्यासाठी सगळ्या पिल्लांचे रक्त एकत्र करून एकाच पट्टीवर टाकतात. तसे केल्याने बाधित पिल्लाचे प्रतिजन पातळ होऊन निसटू शकते, म्हणून ती पद्धत टाळावी.

आईला पिल्लांपासून दूर करण्याचे कारण मला दिसत नाही. आणि तिच्याबद्दलही निराश होऊ नका. घरात सुरक्षित राहणारी, नसबंदी झालेली एफआयव्हीग्रस्त मांजरे अनेकदा इतर मांजरांइतकीच वर्षे जगतात.

---

कडुनिंब

निशिगंध यांच्या उत्तराशी सहमत आहे. फक्त एफईएलव्हीबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथे 'पॉझिटिव्ह' या शब्दाचे पोटात आणखी प्रकार दडलेले असतात. विषाणूशी गाठ पडल्यावर काही मांजरे त्याला पूर्णपणे परतवून लावतात. काहींच्या शरीरात विषाणू आपला जनुकीय घटक पेशींच्या गुणसूत्रांत ठेवून सुप्त होतो. तेव्हा प्रतिजन चाचणी निगेटिव्ह येते, मात्र त्या घटकासाठी केलेली पीसीआर पॉझिटिव्ह येते. अशी मांजरे सहसा इतरांना संसर्ग देत नाहीत, परंतु त्यांचे रक्त दुसऱ्या मांजराला कधीही देऊ नये. तिसऱ्या गटात विषाणू रक्तात सतत वाढत राहतो, लाळेतून पसरतो आणि कालांतराने रक्तक्षय, लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) किंवा इतर संसर्ग उद्भवतात. एखादे मांजर कोणत्या गटात आहे हे पहिल्याच दिवशी कळत नाही. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा प्रतिजन पाहावे लागते, आणि दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने खातरजमा करावी लागते. तोवर त्याला इतर मांजरांपासून वेगळे, पण माणसांच्या सहवासात ठेवावे.

---

पानगळ

मी प्रयोगशाळेत नमुन्यांवर काम करते, म्हणून शिंकणाऱ्या मांजरांविषयी लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत त्यांचे प्रमाण मोठे असते आणि गैरसमजही तितकेच असतात.

निवाऱ्यातील सर्दीमागे प्रामुख्याने दोन विषाणू असतात, हर्पिस आणि कॅलिसी. त्यांच्याबरोबर क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा व बोर्डेटेला हे जिवाणूही कधी स्वतंत्रपणे तर कधी मागाहून येतात. हर्पिसचा संसर्ग झालेल्या मांजरांपैकी सुमारे ८० टक्के मांजरे आयुष्यभर त्याची वाहक राहतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत हा विषाणू सुप्त राहतो. जागा बदलणे, गर्दी, बाळंतपण किंवा स्टेरॉइड यांच्या ताणानंतर साधारण आठवड्याभराने तो पुन्हा बाहेर पडू लागतो. दाखल होताना ठणठणीत असलेले मांजर नंतर शिंकू लागते, तेव्हा 'शेजारच्या पिंजऱ्यातून लागण झाली' असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात अनेकदा त्या मांजराचा स्वतःचाच जुना विषाणू जागा झालेला असतो.

यामुळेच नाकातील किंवा डोळ्यातील स्वॅबवर हर्पिसची पीसीआर पॉझिटिव्ह आली, तर तिचा अर्थ मर्यादित असतो. निरोगी वाहक मांजरही पॉझिटिव्ह येते, आणि जिवंत लस नुकतीच दिलेले मांजरही येते. उलट बाजूने पाहिले, तर कॅलिसी इतक्या वेगाने रूप बदलतो की त्याचा एखादा प्रकार पीसीआरच्या जाळ्यातून निसटतो. डोळ्याच्या बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली जखम दिसली तर हर्पिस, आणि जिभेवर फोड व सोबत लंगडणे असेल तर कॅलिसी, हे निरीक्षण कित्येकदा माझ्या अहवालापेक्षा अधिक बोलके असते.

एकट्यादुकट्या शिंकणाऱ्या मांजराचा नमुना पाठवण्याची गरज मला सहसा वाटत नाही, कारण उत्तर काहीही आले तरी उपचार तेच राहतात. परंतु आजार नेहमीपेक्षा वेगाने पसरू लागला, लस झालेली प्रौढ मांजरे दगावू लागली किंवा चेहरा व पंजे सुजू लागले, तर तत्काळ नमुने घ्यावेत. कॅलिसीचा असा अतितीव्र प्रकार १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम नोंदवला गेला, आणि त्यात निम्म्यापर्यंत मांजरे दगावू शकतात. त्याला ओळखणारी वेगळी अशी चाचणी आजही नाही. अनेक आजारी मांजरांमध्ये एकच प्रकार आहे का, हे जनुकीय क्रम जुळवून पाहावे लागते. म्हणून अशा वेळी एका मांजरावर न थांबता, आजार नुकताच सुरू झालेल्या आणि अद्याप उपचार न झालेल्या पाच ते दहा मांजरांचे नमुने पाठवावेत. जुनाट आजारी मांजराचा नमुना घेणे सोपे असते, पण त्याच्यातून मूळ कारण सापडण्याची शक्यता कमी असते.

नमुना घेताना कृत्रिम धाग्याचा कोरडा स्वॅब वापरावा. लाकडी काडीचा स्वॅब किंवा जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलमध्ये बुडवलेला स्वॅब पीसीआरसाठी चालत नाही. डोळ्यात तपासणीचा रंग टाकायचा असेल तर त्याआधी नमुना घ्यावा. आणि सोबतच्या अर्जावर वय, लक्षणे सुरू झाल्याचा दिवस व शेवटच्या लसीची तारीख लिहावी. हे रकाने रिकामे असलेला अर्ज हाती आला की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या मांजराला अर्धेच उत्तर मिळणार हे तेव्हाच कळलेले असते.

नेहमीच्या यादीपलीकडे पाहण्याची गरज कधी पडते, याचे एक उदाहरण देते. २०१६ च्या अखेरीस न्यूयॉर्क शहरातील निवाऱ्यांमध्ये मांजरांना सर्दी-खोकला होऊ लागला. तपासणीत एच७एन२ हा पक्ष्यांमधील इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला. सुमारे ५०० मांजरांना स्वतंत्र जागी विलगीकरणात ठेवावे लागले, आणि त्यांच्या निकट संपर्कात आलेल्या एका पशुवैद्यालाही सौम्य लागण झाली. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथील निवाऱ्यांतील मांजरांमध्ये एच५एन१ आढळला, तेव्हा संशयाची सुई कच्च्या मांसापासून बनवलेल्या खाद्याकडे गेली. 'सर्दीच तर आहे' असे म्हणण्याची सवय अशा वेळी महागात पडते.

---

मोरपीस

मी एका मांजरीला तात्पुरते घरी सांभाळत आहे. तिची कोरोना प्रतिपिंडांची पातळी 'उच्च' आल्याचा अहवाल मिळाला आणि मला सांगण्यात आले की तिला एफआयपी हा जीवघेणा आजार होणार, म्हणून तिला दत्तक देता येणार नाही. ती खाते, खेळते, वजनही वाढत आहे. मला या अहवालाचा अर्थ कोणी समजावून सांगेल का?

---

कडुनिंब

मोरपीस, तुमच्या मांजरीला एफआयपी आहे असे हा अहवाल म्हणत नाही, आणि पुढे होईल असेही म्हणत नाही.

मांजरांमधील कोरोनाव्हायरस हा मुळात आतड्यात राहणारा, विष्ठेतून पसरणारा आणि बहुधा किरकोळ जुलाबांपलीकडे काही न करणारा विषाणू आहे. जिथे अनेक मांजरे एकाच लिटर ट्रेचा वापर करतात, तिथे बहुसंख्य मांजरांना त्याचा संसर्ग झालेला असतो. त्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के मांजरांच्या शरीरात विषाणूमध्ये बदल घडतो, तो पांढऱ्या पेशींमध्ये वाढू लागतो आणि त्यातून एफआयपी हा गंभीर आजार होतो. प्रतिपिंडांची चाचणी या दोन अवस्थांमध्ये फरक करू शकत नाही. ठणठणीत मांजरांमध्ये पातळी उच्च असू शकते आणि एफआयपीने शेवटच्या टप्प्यात असलेल्या मांजरात ती नगण्यही असू शकते. म्हणून निरोगी मांजराला दत्तक देण्यापूर्वी ही चाचणी करू नये, असे माझे ठाम मत आहे. तिच्यातून भीतीखेरीज काही हाती लागत नाही.

एफआयपीचे निदान तुकडे जोडत जोडत करावे लागते. वय बहुधा दोन वर्षांच्या आत, प्रतिजैविकांना दाद न देणारा ताप, घटते वजन, पोटात किंवा छातीत साचलेले पिवळसर, चिकट, प्रथिनांनी समृद्ध पाणी. रक्तातील अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचे गुणोत्तर ०.४ पेक्षा कमी असेल तर संशय बळावतो आणि ०.८ पेक्षा जास्त असेल तर एफआयपीची शक्यता फारच कमी होते. पोटात पाणी असेल तर रिव्हाल्टा चाचणी कोणत्याही छोट्या दवाखान्यात होते. ऊर्ध्वपातित पाण्यात तीव्र ॲसिटिक आम्लाचा एक थेंब मिसळायचा आणि त्यावर मांजराच्या पोटातील द्रवाचा एक थेंब अलगद सोडायचा. थेंब विरघळून गेला तर एफआयपी असण्याची शक्यता कमी. आकार टिकवून तरंगला किंवा सावकाश खाली उतरला तर संशय कायम, कारण जिवाणूंमुळे झालेल्या पोटाच्या संसर्गात आणि लिम्फोमातही असे घडू शकते. त्या द्रवात पीसीआरने विषाणू सापडला तर पुरावा पुष्कळच भक्कम होतो, आणि बाधित ऊतीतील मॅक्रोफेज पेशींमध्ये विशेष रंजनाने विषाणू दाखवता आला तर निदान पक्के.

हे सारे काटेकोरपणे करण्याला आता पूर्वीपेक्षा मोठे कारण आहे. पूर्वी एफआयपी म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू होता. २०१९ मध्ये पेडरसन आणि सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ हे औषध स्वाभाविकपणे आजारी पडलेल्या ३१ मांजरांना दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २५ मांजरे दीर्घकाळ जगली. तेव्हापासून १२ आठवड्यांचा उपचार रूढ झाला, आणि पोटात पाणी साचण्याच्या प्रकारात ४२ दिवसांचा उपचारही पुरेसा ठरू शकतो असे पुढील संशोधनातून दिसले आहे. ज्या आजारावर औषध आहे, त्याचे नाव चुकीच्या मांजराला लावणे आणि योग्य मांजरात ते उशिरा ओळखणे, या दोन्हींची किंमत मांजरालाच मोजावी लागते.

एफआयपी झालेल्या मांजराकडून शेजारच्या मांजराला सहसा एफआयपी होत नाही. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये पसरलेला प्रकार हा याला अपवाद ठरला, कारण त्या विषाणूत कुत्र्यांच्या कोरोनाव्हायरसचा भाग मिसळलेला होता.

---

पाणकणीस

चर्चा अतिशय मोलाची आहे, पण एका मुद्द्यावर मला वेगळे मत मांडायचे आहे. निशिगंध यांचा हिशेब वाचून कोणी 'मग चाचण्या कशाला करायच्या' असा अर्थ काढू नये. आमच्या निवाऱ्यात मांजरे पिंजऱ्यात न ठेवता मोठ्या खोलीत एकत्र ठेवतो. तिथे एफईएलव्हीचे एक मांजर नकळत शिरले, तर एकमेकांना चाटणे आणि एकाच भांड्यातून खाणे यांतून कितीतरी जणांना धोका पोहोचतो. अशा ठिकाणी प्रत्येक मांजराची चाचणी झालीच पाहिजे, आणि थोडी निरोगी मांजरे काही काळ वेगळी ठेवावी लागली तरी ते मला मान्य आहे.

---

निशिगंध

पाणकणीस, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि माझ्या लिखाणातून तसा अर्थ निघत असेल तर तो येथेच दुरुस्त होणे बरे. एकत्र राहणाऱ्या मांजरांसाठी खोलीत सोडण्यापूर्वी एफईएलव्हीची चाचणी आवश्यकच आहे. पिंजऱ्यात एकेकटी राहणारी आणि थोड्याच दिवसांत दत्तक जाणारी निरोगी मांजरे असतील, तर तोच खर्च लसीकरणाकडे किंवा नसबंदीकडे वळवणे अधिक हिताचे ठरू शकते. मोकाट मांजरांना पकडून, नसबंदी करून परत सोडण्याच्या कार्यक्रमातही सरसकट चाचणीपेक्षा नसबंदी अधिक उपयोगी पडते, कारण बोक्यांची भांडणे आणि त्यांतून होणारे चावे तिथेच कमी होतात. निकाल आल्यावर आपण काय करणार आहोत, याचे उत्तर नमुना घेण्याआधी ठरलेले असावे, इतकाच माझा आग्रह आहे. तुमच्याकडे ते उत्तर ठरलेले आहे : वेगळे ठेवू आणि पुन्हा तपासू.

---

सांजवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आई आणि पिल्ले एकत्रच ठेवली आहेत आणि नोंद सुचवल्याप्रमाणे बदलली आहे. कडुनिंब यांना शेवटचा प्रश्न विचारते. पॅनल्युकोपेनियाचे एक जरी पिल्लू निघाले, तर त्या खोलीतील बाकीच्या मांजरांचे काय करायचे? आणि खोली पुन्हा वापरायला घेता येते का?

---

कडुनिंब

त्या खोलीत नवे मांजर आणणे त्याच क्षणी थांबवा, आणि तिथले कोणतेही मांजर दुसऱ्या खोलीत हलवू नका. ज्यांची लस राहिली असेल त्यांना त्याच दिवशी लस द्या. फक्त गाभण मांजरींना जिवंत लस देण्यापूर्वी पशुवैद्यांशी बोला. संपर्कातील मांजरांवर १४ दिवस लक्ष ठेवा, आणि त्या काळात भूक, वजन व मरगळ यांची रोज नोंद करा. शक्य असल्यास या मांजरांच्या रक्तातील पॅनल्युकोपेनियाची प्रतिपिंडे तपासून घ्या. प्रतिपिंडांविषयी वर बरेच सावधगिरीचे बोललो आहोत, पण येथे प्रश्न निराळा आहे : आजार आहे का हे न विचारता, संरक्षण आहे का हे आपण विचारत आहोत. पुरेशी प्रतिपिंडे असलेले लक्षणविरहित प्रौढ मांजर कमी जोखमीचे मानता येते आणि त्याला लवकर मोकळे करता येते. पिल्लांमध्ये मात्र ती आईकडून उसनी आलेली असू शकतात, म्हणून पिल्लांना ही सवलत देऊ नका. याच उसन्या प्रतिपिंडांमुळे लस निष्प्रभ होत असल्याने निवाऱ्यात पिल्लांना चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासून दर दोन ते तीन आठवड्यांनी, वयाच्या किमान सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत लस देत राहावे लागते.

खोलीबद्दल सांगायचे तर हा विषाणू वातावरणात वर्षभर टिकू शकतो. अल्कोहोल आणि बाजारात मिळणारी अनेक सुगंधी जंतुनाशके त्याचे काहीही बिघडवू शकत नाहीत. आधी साबणाच्या पाण्याने विष्ठा आणि मळ पूर्ण काढा, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच निष्प्रभ होते. त्यानंतर ५ टक्के तीव्रतेच्या ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून ते द्रावण १० मिनिटे पृष्ठभागावर ओले राहू द्या. द्रावण रोज ताजे करा. सच्छिद्र लाकूड, गालिचे, ओरखड्यांचे खांब आणि भेगा पडलेली प्लॅस्टिकची भांडी यांचे निर्जंतुकीकरण खात्रीने होत नाही, ती टाकून द्या. आजारी मांजरांची देखभाल दिवसाच्या शेवटी करा, वेगळे कपडे व पादत्राणे वापरा आणि त्यांच्याकडून परत निरोगी पिल्लांकडे जाऊ नका.

एक गोष्ट राहिली होती. मांजराच्या वागण्यात अचानक बदल, तोल जाणे, लाळ गळणे अशी लक्षणे असतील आणि ते कोणाला चावले असेल, तर रेबीजची शक्यता आधी विचारात घ्या. त्याचे खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतींवरच होते. म्हणून चावलेल्या व्यक्तीने अहवालाची वाट न पाहता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे, आणि निवाऱ्याने ही घटना पशुवैद्यांना त्याच दिवशी कळवावी.